सोलोचा लेहरा

पार्सिपनी या अमेरिकन गावातल्या घराच्या बेसमेंटमध्ये विश्रामकाका पेटीवर साथ करत दहा वर्षांच्या अबोलीला तबला शिकवत होते. शेजारचा फिनबार आला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसला. मूळचा आयर्लंडचा फिनबार बावीस वर्षं एका रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. बँड सोडल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, तो स्वतःचा सोलो अल्बम करत होता.

"अल्बम कॅन्सल करतोय काका," तो म्हणाला. "सगळी वाद्यं एकटाच वाजवतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत आपण कुठे आहोत तेच कळेनासं होतं."

"पण तुझा लेहरा कोण धरतं?" अबोलीने विचारलं.

"म्हणजे काय?"

"मी सोलो वाजवते ना, तेव्हा काका पेटीवर एकच ओळ वाजवत राहतात. मी कितीही भरकटले तरी मला परत येता येतं."

"मग तो सोलो कसला?"

"सोलो असाच असतो," अबोली म्हणाली.

फिनबारने काकांच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. "तासभर एकच ओळ? कंटाळा नाही येत?"

"येतो की. बोटंही दुखतात."

"आणि टाळ्या?"

"त्या हिला."

"बँडमध्ये बावीस वर्षं मी हेच केलं, बासवर तीच ती ओळ धरून ठेवली. त्यालाच कंटाळून बाहेर पडलो."

काकांनी पेटीचा भाता पुन्हा उघडला. "जा, गिटार घेऊन ये. तुझ्यामागे मी बसतो."