पडनू

नवऱ्यानं, धनसिंगनं, गळा आवळला, की दुसऱ्या दिवशी ताईबाई पदर मानेभोवती लपेटून घ्यायची. तरी वळ दिसलाच, तर तिचं उत्तर ठरलेलं, "पडनू." शेजारची भिकुबाई टोमणा मारायची, "दर खेपेला गळ्यावरच कशी पडस वं माय?"

या खेपेचा वळ गेला आणि आठवड्याभरात, ऐन तिशीत, तिचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा बसली. धुळ्याचे डॉक्टर तिच्यावर वाकले. "तरण्याताठ्या बाईला असा लकवा? मेंदूला रक्त नेणारी मानेतली नस आतून फाटली असेल. ताई, कुणी गळा दाबला होता?"

तिचा धड राहिलेला डावा हात धनसिंगनं मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

ताईबाईनं डोळे मिटले. आजवरचे सगळे सोमवार तिनं त्याच्यासाठी धरले होते. आज पहिल्यांदाच महादेवाकडं स्वतःसाठी मागितलं, एवढं एकदा बोलू दे. तिला फक्त म्हणायचं होतं, 'ह्यांनी.'

महादेवानं ऐकलं. इतके दिवस अडलेली जीभ हलली.

"पडनू."

घाबरून तिनं पुन्हा जीव एकवटला. "पडनू. पडनू."

"सोमवार करणारी बाई शे, साहेब," धनसिंग हळूच म्हणाला. "खोटं बोलणार नाही."