कानामागचा रंग

कुणाचं लक्ष नाही असं पाहून मावशीने तान्ह्या मुलीचा पापा घेता घेता तिचा कान हळूच दुमडला आणि मागची कातडी निरखली. आज गोरं दिसणारं मूल पुढे किती काळं होणार, ते तिथे कळतं, असं कॅरिबियन बेटावरून आलेल्या त्या डोमिनिकन घरातल्या बायका मानत. पणजी युफेमियाने खुर्चीतून ते पाहिलं.

न्यूयॉर्कमध्ये आज त्यांच्या लोकांची मिरवणूक होती. खाली रस्त्यावर सजवलेली गाडी उभी होती, ढोल घुमत होते. मावशी मुलीच्या आईपाशी, यारित्सापाशी जाऊन काहीतरी कुजबुजली.

“आजी, हिला घेऊन तू घरीच थांबतेस?” यारित्सा नजर चुकवत म्हणाली. “ऊन फार आहे गं.”

“ऊन? आभाळ तर भरून आलंय.”

“काळ्या खापरपणजोबांवर गेलीय बया!” मावशी खिदळली. “नाक तेवढं आपलं आलं, हेच नशीब.”

“खालचे ढोलही त्यांच्याच आफ्रिकेतल्या पूर्वजांकडून आलेत,” युफेमिया म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

युफेमियाची काळी धाकटी बहीण अशीच आधी ऊन आहे म्हणून घरात ठेवली गेली होती. मग पाहुणे येणार म्हणून, मग फोटो काढायचे म्हणून. पुढे पुढे मुली किती असं कुणी विचारलं, की आई एकच सांगायची.

युफेमिया मुलीला छातीशी धरून जिना उतरली. गाडीवर घरचे सगळे फोटोसाठी दाटीवाटीने बसले होते, झेंडे उंच धरून. दोघींना पाहून कुणाचं हसू मावळलं नाही. कुणी सरकलंही नाही. यारित्सा कॅमेऱ्याकडेच बघत राहिली.