द्राक्षमळ्याची चाकं

ट्रॅक्टरचं मागचं उजवं चाक निघालं, तेव्हा सुमेधा चहाचे कप घेऊन शेडच्या दारात उभी होती. आत शेजारचा कीथ जॅकपाशी गुडघ्यांवर बसला होता आणि तिचे यजमान, पुरुषोत्तम, नट कसे सोडवायचे ते त्याला सांगत होते. नुसतं सांगतच होते. पाना आता त्यांच्या हातात ठरत नव्हता. जूनमध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं आणि ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलं. गाडी नाही, ट्रॅक्टरही नाही. मँचेस्टरच्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं लोकांची हाडं जोडणाऱ्या या सर्जनने मान हलवून ते ऐकून घेतलं. आणि सप्टेंबर उजाडला तसा ट्रॅक्टरची चाकं बदलण्याचा घाट घातला.

एकोणीसशे एक्कावन्नचा हा राखाडी ट्रॅक्टर याच माणसाने रिटायर झाल्यावर भंगारातून उचलून आणला होता, सहा वर्षं खपून चालता केला होता. साधा एक बोल्ट नव्या बनावटीचा लावावा लागला तर दोन दिवस जेवण गोड लागत नसे. गावच्या व्हिंटेज रॅलीत मूळ रूप जपल्याबद्दल तीनदा रोझेट, म्हणजे बक्षिसाचं रिबिनीचं फूल, मिळालं होतं, ती तिन्ही फ्रिजवर मिरवत होती. आणि आता म्हणे मूळ चाकं काढून लहान चाकं लावायची! एडिनबराकडच्या कुणाकडून द्राक्षमळ्यातल्या बुटक्या ट्रॅक्टरची चारही चाकं पॅलेटवर बांधून आली होती. इथे चेशायरमध्ये टोमॅटो लाल व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसावं लागतं, तिथे द्राक्षमळ्याची चाकं.

सुमेधा निफाडची, द्राक्षांच्या घरची. मांडवाखालून जाताना घडांना धक्का लागू नये म्हणून तसला ट्रॅक्टर बुटका असतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. वडिलांच्या ट्रॅक्टरवर तिचे दोघे भाऊ बाराव्या वर्षी बसले. तिच्या वाट्याला दर दसऱ्याला निरांजनाचं तबक आलं. मुलींनी ओवाळायचं, मुलांनी चाकाखालचं लिंबू फोडत ट्रॅक्टर पुढे काढायचा. लग्नानंतर एकदाच तिने हे पुरुषोत्तमना सांगितलं होतं, तेही हसत हसत.

तिला धास्ती होती ती वेगळ्याच कारणाने. चाकं मागवायच्या आधी एकदा पुरुषोत्तम कीथला म्हणाले होते, नव्या ड्रायव्हरला ही उंची जमायची नाही, चार इंच तरी खाली आणायला हवा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने ते ऐकलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. ट्रॅक्टर विकायला निघाला होता तर. गिऱ्हाइकाच्या मापाने चाकंसुद्धा बदलून द्यायची होती.

जूनमधले तीन आठवडे तिला आठवले. सोफ्यावर बसून ते स्वतःच्या हातांकडे बघत राहायचे. तिथून त्यांना उठवलं ते या ट्रॅक्टरनेच. शेड रिकामी झाली तर ते पुन्हा त्या सोफ्यावर जाऊन बसतील, आणि मग आपण काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. विचारावं तर “काही नाही गं” यापलीकडे उत्तर मिळणार नाही, हे चाळीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

त्यातच तिचं लाकडी स्टूल नाहीसं झालं. सुमेधाची उंची पाच फुटांना दोन इंच कमी. पोह्यांचा डबा वरच्या फळीवर, आणि गेली तीस वर्षं ती त्या स्टुलावर खाली न बघता चढत-उतरत आलेली. स्टूल शेडमध्ये सापडलं. परत द्या म्हटलं तर “देतो, काम आहे त्याचं.” ट्रॅक्टरबद्दल भांडता येत नव्हतं, म्हणून ती स्टुलाबद्दल भांडली.

दसऱ्याच्या सकाळी कीथच्या कुरणात ट्रॅक्टर उभा होता. चारी चाकं लहान, पार बसका झालेला. तिने नेहमीसारखं बॉनेटला कुंकू लावलं, लंडनजवळच्या पिनरहून लेकीने पाठवलेला झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. हात पूजेत होते, डोळे फाटकाकडे. गिऱ्हाईक अजून आलं नव्हतं. कीथ एकटाच टोपी काढून बाजूला उभा होता. निरांजन लावताना मात्र तिला राहवेना.

“अहो, कधी येणारे तो न्यायला? एकदाचं सांगून टाका.”

“कोण?”

“तुमचा नवा ड्रायव्हर.”

पुरुषोत्तमनी पुढे होऊन तबक तिच्या हातातून घेतलं. ते थरथरू लागलं, तूप काठाशी आलं. कीथने हात पुढे केला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि तबक दोन्ही हातांनी धरलं.

“यंदा ओवाळायचं काम माझं,” ते म्हणाले. “तू चढ. शेतात काही लायसन्स लागत नाही.”

ती म्हणाली, “मला कुठे येतंय चालवायला?”

“मला येतं ना. मी सांगेन. सांगायला हात लागत नाहीत.”

डोळे भरून आल्याने तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. तिने साडी सावरली, स्टिअरिंग धरलं आणि खाली न बघताच पाय उचलला. पायरी बरोबर तिच्या स्टुलाच्या उंचीवर होती.