तुटक्या पायाचा ‘आर’

विलायतेत शंभर वर्षांपूर्वी जाहिरातींसाठी निघालेल्या वळणाची, जाड चौकोनी पायांची, छपाईची लाकडी इंग्रजी अक्षरं म्हणजे छापखान्याचे मालक रंगराव यांचा जीव की प्राण. ते गेले तेव्हा त्यातला तुटक्या पायाचा ‘आर’ त्यांच्या मुलीने, राजलक्ष्मीने, स्वतः वडिलांच्या मुठीत ठेवला. तो त्यांच्याबरोबर चितेत जळला.

तेराव्यानंतर तिने मुरार छावणीतल्या साहेब गिऱ्हाइकांसाठी निधनाचं इंग्रजी पत्रक जुळवलं. वर वडिलांचं नाव, खाली कळवणारी म्हणून तिचं. दोन्ही नावांना अखंड ‘आर’ लावले होते. कागदावर मात्र वडिलांच्या ‘आर’चा पाय तुटका उमटला.

छापखान्यातले जुने जुळारी महिपतकाका अक्षर चाचपून म्हणाले, “बेटा, पाय तर साबूत आहे. डोळे पूस, पुन्हा छाप.”

तिने छापलं.

वडिलांचा ‘आर’ आता अखंड होता. तुटका पाय खाली, तिच्या नावात आला होता.