काकीच्या पसंतीचा लॅपटॉप

राजारामपुरीतल्या त्या दुकानात काउंटरसमोर दोनच खुर्च्या होत्या. एकीवर स्वप्नाली बसली, दुसरीवर तिची काकी मीनाक्षी. वर्षाराणी लेकीच्या मागं उभी राहिली. कोडोलीहून येताना एसटीत लेक तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. दुकानाच्या दारात काकी भेटली आणि पोरगी तिचीच झाली.

"काकी, हा बघ ना, बावीस हजारांचा. हलका आहे. चालेल का गं?"

काकीशी पोरगी 'आहे' म्हणायची, आईशी 'हाय'.

"लेक्चर बघायला, टायपिंगला चालेल," मीनाक्षी म्हणाली. ती कोल्हापुरातच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. "पण तुला प्रोग्रॅमिंग करायचंय. यावर तीन गोष्टी एकदम उघडल्या की अडकून बसेल, आणि पुढं मेमरी वाढवायचीही सोय नाही. त्यापेक्षा पस्तीसवाला घे. चार वर्षं बघायला नको."

दोघी एकाच पडद्यावर वाकल्या आणि कसल्याशा इंग्रजी शब्दावर एकदम हसल्या. वर्षाराणीला तो शब्द कळला नाही. लेकीची वेणी काकीच्या खांद्यावर पडलेली तेवढी तिला दिसली. सकाळी ती वेणी तिनंच घातली होती.

"स्वस्तातलाच द्या ओ," ती म्हणाली.

दोघींनी वळून बघितलं.

"आक्का, पैशाचं अडत असेल तर मी घालते की थोडे," मीनाक्षी हळूच म्हणाली.

"पैशाचं काय अडलंय? चार म्हशी हायत दारात. पर आत्तापासनं भारीतलं कशाला हातात? पडला, फुटला म्हंजे? माझ्या लेकीला काय पायजे ते मला कळतंय."

खरं तर पस्तीसवाल्याचीच तयारी करून ती घरातनं निघाली होती.

दुकानदारानं स्वस्तातला सुरू करून स्वप्नालीपुढं सरकवला. तिनं एक उघडलं, दुसरं उघडलं. तिसऱ्याला पडद्यावर गोल चकरी फिरायला लागली. फिरतच राहिली. पोरगी हात मांडीवर ठेवून चकरीकडं बघत बसली.

"काय झालं गं?"

"काय न्हाय, आई. जरा दमानं घेतोय. चालतंय की."

असलं 'चालतंय की' वर्षाराणीच्या ओळखीचं होतं. चुलत्याची जुनी सायकल हातात दिली तेव्हाही पोरगी हेच म्हणाली होती. वर्षाराणी मीनाक्षीकडं बघायला लागली. आता बोलेल, मग बोलेल. 'मी म्हणाले नव्हते?' म्हणाली असती, तर भांडायला तरी आलं असतं. पण मीनाक्षी रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसली होती, पाठ अर्धी फिरवून. तिचा तो शहाणपणा वर्षाराणीला जास्तच झोंबला.

चकरी अजून फिरत होती.

"ओ पावणं," वर्षाराणी एकदम म्हणाली, "ह्यो ठेवा आत. त्यो पस्तीसवालाच बांधा."

"आई, खरंच?" स्वप्नाली ताडकन उठली. "काकी, बघितलंस!" करत शेजारच्या मीनाक्षीच्याच गळ्यात पडली. वर्षाराणी पर्स छातीशी धरून बघत राहिली. मीनाक्षीनं लेकीला अलगद आईकडं ढकललं. ते तर वर्षाराणीला मुळीच आवडलं नाही.

दुकानदारानं बिलाचं पुस्तक ओढलं. "नाव काय घालू?"

"स्वप्नाली..." मीनाक्षीनं सुरुवात केली.

"वर्षाराणी कृष्णात चौगुले," वर्षाराणी काउंटरवर रेलून मोठ्यानं म्हणाली. "आनि म्होरं 'आई' लिवा."

"मावशी, बिलावर तसलं काय लिहीत नसतात."

"लिवा की," ती म्हणाली. "जागा हाय न्हवं तितं."