चार बोटं कोरी जागा

कागद फिरत फिरत तिच्यापर्यंत आला तेव्हा त्यावर एकतीस सह्या झाल्या होत्या आणि वरची चार बोटं जागा कोरी होती.

"यावर मथळा नाहीये," ती म्हणाली.

"हजेरी आहे हो ताई," नगरपालिकेचा कारकून म्हणाला. "मथळा आम्ही ऑफिसात टाकतो. नेहमीचंच आहे."

"झाली चौकशी खिडकी सुरू!" मागची एक आई फिसकन हसली. पाळणाघरातल्या मुलांच्या आयांनी तिचं हे नाव केव्हाच पाडलं होतं. दाराची कडी तीनतीनदा बघणारी, दूध किती वाजता तापवलं ते विचारणारी, लेकीच्या गुडघ्यावरच्या ओरखड्याचा जाब मागणारी.

सभा पाळणाघरातच भरली होती. मोठी माणसं मुलांच्या वीतभर खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. विषय एकच, गळक्या छताची दुरुस्ती. नगराध्यक्ष तासभर बोलले. मुलांचा विषय निघाला की ते रुमाल डोळ्यांना लावत होते. मग त्यांच्याच हस्ते हा कागद फिरायला सुटला, फोटोग्राफरच्या साक्षीने.

पण मंगळवारी मुलीला सोडायला आली तेव्हा तिने टेप घेतलेली दोन माणसं पाहिली होती. त्यांनी छताकडे मान वर करूनही बघितलं नव्हतं. ती माणसं रस्त्याकडची बाजू मोजत होती आणि दुकानांचे गाळे सहा बसतील की आठ, यावर हुज्जत घालत होती.

आज सभेत तिने सरळ विचारलं होतं, "दुरुस्ती झाल्यावर पाळणाघर इथेच राहणार ना?"

"तुमच्या सूचनेची नोंद घेतली आहे, ताई." ना हो, ना नाही.

पाळणाघर गेलं की तिची नोकरी गेली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आई परगावी. दोन वर्षांच्या पोरीला ठेवायचं कुठे?

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथे बिनचिठ्ठीची बाटली आली की सरळ परत. मागाहून चिठ्ठी लावतो म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, कुणाचं रक्त कुणाच्या नावावर जाईल सांगता येत नाही.

तिने मुलीला काखेत घेतलं. कागद भिंतीला लावला आणि कोऱ्या जागेत लिहायला लागली. अक्षर सरळ आलं.

"मथळा घातलाय," ती वळून म्हणाली. "वाचून दाखवते, म्हणजे मागून कुणाची तक्रार नको. 'हे पाळणाघर इथून हलवायला आणि ही जागा दुकानांना द्यायला खाली सही करणाऱ्या सर्वांचा विरोध आहे.'"

कारकून ताडकन उठला. "अहो, असं परस्पर लिहिता येत नाही!"

"परस्पर तुम्ही लिहिणार होतात. मी सगळ्यांसमोर लिहिलं. ज्याला पटत नसेल त्याने पुढे यावं आणि आपली सही खोडावी."

एक खुर्ची कुरकुरली. मघाशी हसलेली आई उठून आली.

"मी नाही बाई खोडणार. दे तो पेन. माझी जरा पुसट उठलीय, गिरवते."

मग आणखी दोघी उठल्या. एका बाप्याने, मी उशिरा आलो, माझी राहिलीच, म्हणत सही ठोकली. मुलगी तिच्या खांद्यावरून सगळ्यांना टाटा करत होती.

अध्यक्ष अजून हसत होते, पण नुसत्या ओठांनी. "भावना समजतात हो ताई. आणा तो कागद इकडे. आपण दुसरा काढू."

"आणते ना."

ती रांगेतून पुढे गेली. मुलीला खाली उतरवलं, कागद त्यांच्यापुढे टेबलावर पसरला, एका कोपऱ्यावर हात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने उघडा पेन पुढे केला.

"आधी तुमचं सांगा, साहेब. ठेवायची, की खोडायची?"

फोटोग्राफरने सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला.

प्रथेप्रमाणे एक नंबरवर, खाली दोन ऐटदार रेघा ओढलेली सही, अध्यक्षांची होती.