मागची सीट

नव्या मोटरसायकलवर बसताच ड्रायव्हरसाहेबांचा चेहरा असा खुलला, की शोरूमच्या विक्रेत्याने पुढची माहिती सांगायचंच सोडून दिलं. साहेब उंचीने बेताचे, तरी दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. रुंद हँडल आपणहून हाताशी आलं. पाय पुढे पसरायचे, पाठ सैल सोडायची, बस्स. शहर बसच्या फळीसारख्या सीटवर तीस वर्षं काढल्यावर हे म्हणजे जावयाचे लाड होते.

“पावणेतीनशे किलो आहे काका. जड नाही ना वाटत?”

“बस साडेनऊ टनांची होती माझी. ही तर खिशात घालून नेतो.”

बाजूला उभ्या असलेल्या कंडक्टरबाई नुसत्या हसल्या. त्या त्याच बसवर त्यांच्या कंडक्टर होत्या, आणि लग्नानंतर घरातही. निवृत्त झाल्यावर नवऱ्याने ही गाडी मनावर घेतली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. गाडी घ्यायची ती दोघांनी फिरायला, एकट्याने मिरवायला नाही. आज शोरूमने गाडी अर्धा तास चालवून बघायला दिली होती, तेवढा वेळ त्या मागे बसून बघणार होत्या. मागची सीट पटली नाही तर विषय कायमचा बंद.

“हेल्मेटमध्ये बोललेलं ऐकू यायचं नाही,” चढता चढता त्या म्हणाल्या. “तेव्हा आपलं जुनंच. एक ठोका थांबा, दोन ठोके चला.”

त्यांच्या बसची घंटा कधी धड नव्हतीच. बाई तिकिटाच्या चिमट्याने मागच्या पत्र्यावर ठोके द्यायच्या. आता चिमटाही नव्हता आणि पत्राही. त्यांनी बोटाच्या पेराने नवऱ्याच्या हेल्मेटवर दोन ठोके दिले आणि गाडी निघाली.

साहेबांना काय सांगू आणि काय नको असं झालं. इंजिन दमदार, पण तोंडाळ नाही. खड्डा आला तर गाडी नुसती मान डोलवून पुढे जात होती. वळणावर मात्र तिला हळूच पटवावं लागायचं, एकदा पटली की मग मुकाट यायची. टाकी तर अशी गुळगुळीत आणि गोलाईची, की सिग्नलला थांबल्यावर त्यांनी ती दोनदा उगीचच पुसली. हे सगळं ते मोठ्याने बोलत होते. बाईंना त्यातलं अक्षरही पोचत नव्हतं.

शाळेच्या कोपऱ्यावर त्यांनी डावीकडचा इंडिकेटर दिला आणि गाडी अलगद फुटपाथला लावली. बसस्टॉपवरची माणसं चमकून मागे सरकली. एका आजोबांनी तर सवयीने चढायला पाय उचलला. मागून लगेच दोन ठोके पडले. ओशाळून साहेब निघाले, आणि पोस्टाच्या स्टॉपवर पुन्हा तसेच थांबले. हात सवयीचे गुलाम, त्याला ते तरी काय करणार. पुन्हा दोन ठोके.

तिसरा स्टॉप बागेचा. तो दिसायला लागला आणि या वेळी गाडी वळवायच्या आधीच हेल्मेटवर ठोका पडला. एकच.

साहेबांनी घाईने वेग कमी केला. घड्याळात पाहिलं तर जेमतेम अकरा मिनिटं झाली होती. त्यांनी गाडी स्टॉपला लावली. बाई उतरल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूहळू सरळ झाल्या.

“दुखतंय?”

“गाडी स्टँडला लावा आणि तुम्हीच बसून बघा मागे.”

ते बसले. सीट वीतभर, तीही मागे उतरती. गुडघे पोटाशी आले. पाठीला टेका नाही, हाताला धरायला काही नाही. पुढ्यातच केवढी ऐसपैस गादी पसरली होती, ती त्यांना इथून नीट दिसली. ज्याने ही गाडी बनवली तो बिनलग्नाचा असणार, असं त्यांच्या मनात आलं. ते खाली उतरले. पुढे बसून अकरा मिनिटं आपण कसले गोडवे गात होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

“नको,” ते म्हणाले. “परत देऊ. मागे तुझे असे हाल होतायत, मला कळलंसुद्धा नाही.”

“तीस वर्षं तरी कुठे कळलं?”

“म्हणजे?”

“तुम्ही बसून चालवायचात. मी मागे उभी. तुमचा प्रत्येक ब्रेक माझ्या गुडघ्यांनी सोसलाय. आज पहिल्यांदा तुमच्या मागे मला बसायला मिळालं.” बाईंनी सीटवरची धूळ पदराने झटकली. “कारागिराकडून रुंद करून घेऊ ही. पाठीला टेका लावू. तोवर दर अकरा मिनिटांनी एक ठोका.”

साहेबांना हसावं की डोळे पुसावे कळेना. त्यांनी हेल्मेट चढवून दोन्ही गोष्टी उरकल्या आणि पुढे बसले. बाई त्यांच्या खांद्याला धरून मागे चढल्या. स्टॉपवर कधीचा बसची वाट पाहणारा एक माणूस पिशवी सावरत पुढे आला.

“ही कुठपर्यंत जाते हो?” त्याने हसत विचारलं.

“गाडी भरली,” कंडक्टरबाई म्हणाल्या, “मागच्या गाडीने या,” आणि त्यांनी दोन ठोके दिले.